हवेच्या चाकाचा द्वारपाल



इतिहास म्हटला म्हणजे आमच्या जुन्नर तालुक्यांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम शिवनेरीचा कडा उभा राहतो. त्यामागून लेण्याद्रीचीं लेणीं येतात आणि नाणेघाटांतील तो प्रचंड दगडी रांजण येतो. राजांच्या, किल्ल्यांच्या आणि घाटांच्या इतिहासास आपल्याकडे व्याख्याते आहेत व श्रोतेही आहेत. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगावयास बसलों आहें, ती मात्र करंगळीएवढी आहे. ट्रॅक्टरमागील ट्रॉलीच्या चाकांत हवा भरण्यासाठीं जी लहानशी नळी रिमच्या भोंकांतून बाहेर डोकावत असते, ती ही वस्तु. पुस्तकी मराठींत तिला झडप म्हणतात, कारखान्यांत व्हॉल्व्ह म्हणतात आणि पंक्चरच्या दुकानांत नुसतें ‘वॉल’ म्हणतात. एवढ्याशा नळीला इतिहास तो कसला असणार, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या नळीच्या भरंवशावर कित्येक टन ऊस आणि त्या उसावर बसलेलीं माणसें रात्रीच्या रस्त्यानें चाललेलीं असतात, तिचा इतिहास आपल्या घराच्या उंबऱ्यापाशीं आलेला आहे, असें मला वाटतें.

आमचें राजुरी गांव नगर–कल्याण रस्त्यावर, आळेफाट्याच्या पूर्वेस आहे. फाट्यावर पुणें–नाशिकचा रस्ता आडवा जातो. या दोन रस्त्यांवरून आमच्या मुलखाचें पीक बाहेर पडतें : कांदा, नारायणगांवच्या बाजाराचा टोमॅटो, चारा, आणि हिंवाळ्यांत ऊस. जुन्नरचा ऊस निवृत्तीनगरच्या विघ्नहर सहकारी साखर कारखान्याकडे जातो. आंबेगांव तालुक्यांत पारगांवचा भीमाशंकर कारखाना आहे. यांपैकीं पुष्कळसा माल ट्रॉलींतून जातो. ट्रॉली म्हणजे जिला स्वतःचें इंजिन नाहीं आणि जी दुसऱ्याच्या मागें ओढली जाते, ती गाडी. तिचा हा परावलंबी स्वभाव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

प्रथम आपण जुन्या चाकाकडे पाहूं. नाणेघाटाच्या दगडी वाटेनें सातवाहनांच्या काळीं जो माल कोंकणांतून वर आला व खालीं उतरला, तो जनावरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. त्या पायऱ्यांवर चाकाचें कांहीं चालण्यासारखें नव्हतें. चाक होतें तें पठारावर; शेतांतून खळ्यांत आणि खळ्यांतून बाजारांत फिरणारें. बाभळीच्या लांकडाचा तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पाटे आणि सर्वांस कवळून धरणारी लोखंडी धांव, अशी त्या चाकाची रचना होती. धांव चढविण्याचा समारंभ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तो विसरतां येणार नाहीं. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत धांव लाल होई, चिमट्यांनीं उचलून ती चाकावर बसवीत, आणि लगेच पाण्याच्या घागरी रिकाम्या होत. तापलेलें लोखंड निवतांना आंखडे आणि साऱ्या सांध्यांस एकजीव करी. पदार्थविज्ञानाचा तो पाठ गांवांतील प्रत्येक पोर शाळेबाहेर शिकत असे.

या जुन्या चाकाविषयीं एक गोष्ट मला इतिहासदृष्ट्या फार महत्त्वाची वाटते. त्या चाकाला राखणदार होता. सुतार आणि लोहार हे गांवचे बलुतेदार. त्यांचें बलुतें सुगीच्या वेळीं धान्यरूपानें मिळे आणि तें वर्षाच्या कामाबद्दल असे. चाक जितकें अधिक मोडेल तितके पैसे अधिक, असा तो व्यवहार नव्हता. उलट चाक मोडलें तर त्याच बलुत्यांत अधिक राबावें लागे. म्हणून आरा सैल झाला आहे काय, धांव वाजते आहे काय, हें पाहण्यांत सुताराचेंही हित होतें. बलुतेपद्धतींत अन्याय थोडा नव्हता आणि ती पुन्हां यावी असें मी म्हणत नाहीं. परंतु नुकसान होण्यापूर्वीं चाकाकडे पाहणारा कोणीतरी त्या व्यवस्थेंत होता, एवढें मान्य केलें पाहिजे.

आतां आपणांस जुन्नर सोडून थोडा वेळ विलायतेंत गेलें पाहिजे. कारण चाकांत हवा कोंडण्याची कल्पना तिकडे निघाली. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटलंडच्या तरुण इंजिनियरानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. रबरानें लेपलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचें कवच, आणि आंत पंपानें भरलेली हवा, असें त्याचें चाक होतें. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें त्यानें तें घोडागाडीस लावून दाखविलें. गाडी आवाज न करतां चालली व घोड्यास ओढही कमी पडली. हवा भरण्याच्या नळीस त्यानें स्क्रूचें घट्ट टोपण बसविलें होतें. म्हणजे या चाकाबरोबरच त्याच्या दाराचाही प्रश्न जन्मास आला होता. तथापि थॉम्सनचें चाक महाग पडलें, काळही त्यासाठीं तयार नव्हता, आणि चाळीस वर्षें तें विस्मृतींत गेलें.

त्यास पुन्हां जन्म दिला तो एका जनावरांच्या डॉक्टरानें. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा. आयर्लंडांतील बेलफास्ट शहरांत त्याचा व्यवसाय चाले. त्याच्या मुलाची तीन चाकांची सायकल शहराच्या दगडी फरसबंदीवर खडखडे. १८८७ सालीं त्यानें रबराची नळी करून ती लांकडी चकतीभोंवतीं बसविली, तींत हवा भरली, आणि तें चाक व सायकलचें जुनें चाक अशीं दोन्हीं अंगणांत घरंगळत सोडून पाहिलीं. हवेचें चाक पुष्कळ लांब गेलें. १८८८ सालीं त्यास पेटंट मिळालें आणि पुढच्याच वर्षीं बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम नांवाच्या सायकलस्वारानें हवेच्या चाकांवर बसून प्रतिस्पर्ध्यांस मागें टाकलें. पुढें थॉम्सनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यामुळें डनलॉपचा हक्क रद्द ठरला. पण तोंपर्यंत हवेचें चाक जगाच्या रस्त्यावर उतरलेलें होतें. १८९५ सालीं मिशेलिन बंधूंनीं पॅरिस–बोर्दो–पॅरिस या शर्यतींत तें मोटारगाडीसही लावून दाखविलें.

येथवरची कथा पुष्कळांस माहीत असते. तिच्यांतील अर्धा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाहीं, आणि तोच आजचा माझा विषय आहे. हवा कोंडणें एक गोष्ट आणि कोंडलेली हवा राखणें दुसरी. फुग्याचें तोंड दोऱ्यानें बांधतां येतें. पण ज्या चाकांत वरचेवर हवा भरावी लागते, त्याचें तोंड रोज कोण सोडणार व बांधणार? तेथें असा दरवाजा हवा कीं जो बाहेरच्या हवेस आंत घेईल आणि आंतल्या हवेस बाहेर जाऊं देणार नाहीं. ही कल्पना आमच्या लोहारास नवी नव्हती. त्याच्या भात्यास आंतल्या अंगानें चामड्याचा एक पडदा असतो. भाता उघडला कीं तो पडदा उचलतो व हवा आंत येते. भाता दाबला कीं पडदा मिटतो व हवेस नळीवांचून वाट राहत नाहीं. आपल्या हृदयांतील झडपाही याच न्यायानें रक्तास मागें फिरूं देत नाहींत.

सायकलच्या चाकासाठीं हा न्याय प्रथम एका रबरी नळीनें साधला. इंग्लंडांत निघालेला वुड्सचा व्हॉल्व्ह तो हाच. माझ्या वयाच्या प्रत्येक सायकलस्वारानें त्याची ती बारीक वॉलट्यूब थुंकी लावून पितळी नळीवर चढविलेली आहे. पंपाच्या जोरानें रबर किंचित् फुगतें, नळीचें भोंक उघडतें. पंप थांबला कीं रबर पुन्हां भोंकावर बसतें. युक्ति साधी व स्वस्त. पण रबर कुजलें कीं संपली.

दुसरा मार्ग न्यूयॉर्कमध्यें निघाला. जर्मनींतून तिकडे गेलेला ऑगस्ट श्रेडर हा पितळकाम करणारा कारागीर. रबरी वस्तूंस लागणारे पितळी जोड आणि पाणबुड्यांचीं शिरस्त्राणें व हवेचे पंप हें त्याचें काम. पाण्याखालीं उतरलेल्या मनुष्याचा श्वास ज्याच्या जोडकामावर अवलंबून, त्यास हवा कशी राखावी हें निराळें शिकवावें लागलें नाहीं. सायकलींचे हवेचे टायर अमेरिकेंत आले तेव्हां श्रेडरच्या कारखान्यानें त्यांच्या व्हॉल्व्हचा प्रश्न हातीं घेतला, आणि १८९३ सालीं त्या व्हॉल्व्हास पेटंट मिळालें. आज आपल्या मोटारसायकलीस, मोटारीस, ट्रकला, ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला जो व्हॉल्व्ह असतो, तो याच घराण्याचा.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरील नळीच्या पोटांत एक बारीक पिन असते व तिला स्प्रिंग असते. पिनीच्या खालच्या टोकास रबराची लहानशी गादी असते आणि ती आंतून वर येऊन आपल्या बैठकीवर टेकते. पंपानें पिन दाबली कीं गादी खालीं सरकते व हवा आंत जाते. पंप काढला कीं स्प्रिंग तिला परत वर आणते. आणि गंमत अशी कीं, एकदां हवा भरली म्हणजे आंतल्या हवेचा दाबच त्या गादीस बैठकीवर रेटून धरतो. कैद्याच्या बळानेंच तुरुंगाचें दार बंद राहावें, असा हा प्रकार आहे. सव्वाशें वर्षें उलटलीं तरी या योजनेंत मूलतः बदल करण्याची गरज कोणास भासली नाहीं.

आतां परत आपल्याकडे येऊं. १९३६ सालीं बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें डनलॉपचा कारखाना सुरू झाला. पुढें हवेचें चाक मोटारीपुरतें न राहतां बैलगाडीसही लागलें. उत्तरेकडे अशा गाडीस कित्येक ठिकाणीं ‘डनलप’ असेंच नांव पडलें. आपण तिला टायरगाडी म्हणतों. तिकडे नगर जिल्ह्यांत लोणीच्या परिसरांत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्यानें १९५०–५१ च्या हंगामांत पहिला ऊस गाळला, आणि त्यामागून महाराष्ट्रांत साखर कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडल्यावर त्याचें वजन व गोडी दर तासास घटत जाते. म्हणून तो त्वरेनें कारखान्यावर पोंचला पाहिजे. ही त्वरा लांकडी चाकास झेपणारी नव्हती. प्रथम टायरगाडी आली आणि मग ट्रॅक्टरमागें ट्रॉली आली. एका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्यांची माळ आली. साखर कारखान्यांची कीर्ति सांगतांना आपण धरणें, पाट आणि पुढारी यांचीं नांवें घेतों. त्या साखरेचा प्रत्येक दाणा कोणत्या तरी व्हॉल्व्हच्या भरंवशावर कारखान्यांत शिरला, हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

चाक बदललें, पण चाकाचा राखणदार मात्र बदलून मिळाला नाहीं. हवेच्या चाकास बलुतेदार नाहीं. पंक्चरवाला आहे, पण त्यास आपण बोलावतों तें चाक बसल्यानंतर. आणि त्याची मजुरीही चाक बसलें तरच. त्यांत त्याचा दोष नाहीं. आमच्याकडील एका पंक्चरवाल्या मिस्त्रीनें मला एकदां फार मार्मिक शब्दांत सांगितलें, “गुरुजी, टायर घ्यायला लोक चार दुकानं हिंडतात. नक्षी बघतात, कंपनी बघतात, भाव करतात. वॉल कोण बघत नाहीं. नव्या टायरांत जुनीच ट्यूब कोंबा म्हणतात.” बदलत्या काळाचा सारा इतिहास या चार वाक्यांत आला आहे. सुतार गेला, लोहार गेला. आणि त्यांची नजर आपण आपल्या डोळ्यांत घेतली नाहीं.

हें दुर्लक्ष मोटारीपेक्षां ट्रॉलीस अधिक बाधतें. मोटारीचें चाक बसूं लागलें तर सुकाणू एका अंगास ओढूं लागतें, बैठकीस हादरा कळतो. मागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीचें दुःख पुढें बसलेल्या चालकापर्यंत पोंचत नाहीं. इंजिनाचा आवाज मोठा, मागें उसाचा डोंगर, वेळ रात्रीची. अशा स्थितींत मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकांतील हवा हळूहळू चालली आहे हें त्यास कसें कळावें? हवा कमी झालेला टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो व उठतो, त्या मळण्यानें तापतो, आणि तापलें रबर शेवटीं फाटतें. भार एका अंगावर कलतो. उंच रचलेला माल कलला कीं ट्रॉली उलटण्यास फार मोठा खड्डा लागत नाहीं. खिळ्यानें झालेलें पंक्चर निदान दैवाच्या माथीं मारतां येतें. म्हाताऱ्या झालेल्या व्हॉल्व्हमधून गेलेल्या हवेस दैव जबाबदार नाहीं.

आणि ट्रॉलींत नुसता माल नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व नगर जिल्ह्यांतून ऊसतोडणीचीं कुटुंबें निघतात. भांडींकुंडीं, धान्याचीं गांठोडीं, कोंबड्या, म्हातारी माणसें आणि तान्हीं मुलें अशा साऱ्या संसारासह तीं ट्रॉलींत बसून शेंकडों मैल येतात. गाडी कोणाची, टायर कोणाचा, व्हॉल्व्ह कधींचा, हें विचारण्याचा अधिकार त्यांस नसतो. टायरगाडीच्या बैलाची स्थिति तर याहून वाईट. हवा कमी झाली कीं चाक जड होतें आणि ती वाढलेली ओढ बैलाच्या खांद्यावर पडते. बैल मुका आहे. तो हळू चालतो, आणि आपण त्यास आळशी समजून चाबूक उगारतों.

व्हॉल्व्ह बिघडतो कसा, हें आतां थोडक्यांत सांगतों. पहिलें कारण वय. ट्यूबच्या व्हॉल्व्हचें बूड रबराचें असतें. बिनट्यूबच्या चाकास पुष्कळदां साराच व्हॉल्व्ह रबराच्या आवरणाचा असतो. ऊन आणि हवेंतील ओझोन हे रबराचे जुने शत्रु. ताणलेल्या रबरास ते बारीक चिरा पाडतात. धांवत्या टायरच्या रबरांतील संरक्षक मेण हालचालीमुळें पृष्ठभागावर येत राहतें; उभ्या गाडीस तेवढाही आधार नसतो. हंगाम संपल्यावर ट्रॉली सहा-सहा महिने बांधावर उन्हांत उभी राहते. मालक म्हणतो, गाडी चाललीच नाहीं तर झिजेल कशी? परंतु रबर चालल्यानें झिजतें आणि उभें राहिल्यानें कुजतें. अमेरिकेंत २००८ सालीं मोटारींचे लाखों रबरी व्हॉल्व्ह परत मागवावे लागले. ते दोन वर्षांपूर्वींच तयार झालेले होते. पण त्यांच्या रबरास अकालीं चिरा पडून हवा जाऊं लागली होती. यावरून वस्तु नवी आहे एवढ्यावर विसंबतां येत नाहीं, हेंही दिसून येतें.

दुसरें कारण ट्यूबचें सरकणें. हवा कमी असतां ओझें ओढलें कीं टायर रिमवर किंचित् फिरतो, आपल्याबरोबर ट्यूबलाही नेतो. पण व्हॉल्व्हची नळी रिमच्या भोंकांत अडकलेली असते. ती तिरपी होते आणि शेवटीं बुडाशीं फाटते. सरळ उभा असलेला व्हॉल्व्ह कलता दिसला तर आंत ट्यूब सरकली आहे असें खुशाल समजावें. तिसरें कारण धूळ. टोपण हरवलें कीं शेतांतील माती पिनीपर्यंत जाते. गादी आणि बैठक यांच्यांत वाळूचा एक कण अडकला तरी हवेस वाट मिळते. चौथें कारण चुकीची निवड. मोटारीच्या साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा सामान्यतः ६५ पौंड दाबापर्यंत असते. ज्या ओढगाडीच्या बिनट्यूब टायरास त्याहून अधिक दाब लागतो, तिला नटानें आवळलेला धातूचा व्हॉल्व्हच पाहिजे.

या तपासणीस मोठी विद्या लागत नाहीं. चाक थंड असतां, गाडी निघण्यापूर्वीं, प्रत्येक व्हॉल्व्ह डोळ्यांनीं पाहावा. तो सरळ आहे काय, रिमच्या कडेवर घासत तर नाहीं ना, हें पाहावें. रबरी असेल तर बोटानें हळूच एका बाजूस वांकवून बुडाशीं चिरा दिसतात काय तें पाहावें. चीर दिसली तर चर्चा न करतां तो बदलावा. टोपण काढून पिनीवर आणि बुडाशीं साबणाचें पाणी सोडावें. बुडबुडा आला तर पिनीची गळती कीं बुडाची, हें तेथेंच कळतें. पिन सैल असेल तर ती पिनीच्या चावीनें बेतानेंच आवळावी. फार आवळल्यानें गादी चेपून गळती वाढते. टोपण प्रत्येकास असावेंच, आणि तें आंत रबरी चकती असलेलें असावें. तें नुसतें धुळीचें झांकण नव्हे. पिन गळूं लागल्यास दुसरा दरवाजा म्हणूनही तें उपयोगी पडतें. त्यानंतर गेजनें दाब मोजून टायर बनविणाऱ्यानें सांगितलेल्या आंकड्याशीं ताडावा. लाथ मारून किंवा काठीनें ठोकून दाब कळतो, हा भ्रम आहे. आणि नवा टायर घातला कीं व्हॉल्व्ह नवा, ट्यूबचा टायर असेल तर ट्यूबही नवी, हा नियम करून टाकावा.

शिक्षकाची संवय म्हणून एक गणितही सांगतों. बंद हवेचें तपमान दहा अंशांनीं उतरलें तर तिचा एकूण दाब सुमारें तिसांत एक या प्रमाणांत उतरतो. एप्रिलच्या दुपारीं चाळीस अंशांवर भरलेली हवा डिसेंबरच्या पहांटे दहा अंशांवर आली, तर एक कणही न गळतां दाब सुमारें दशांशानें घटलेला असतो. म्हणजे मागील हंगामाच्या अखेरीस ठीक असलेलें चाक नव्या हंगामाच्या आरंभीं, व्हॉल्व्ह निर्दोष असला तरी, कमी हवेचें असणारच. व्हॉल्व्ह सदोष असला तर काय होईल हें निराळें सांगावयास नको.

येथें एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मोठ्या चाकांच्या रिमांस टायर अडविणारी लोखंडी रिंग असते. हवा भरतांना ती नीट बसलेली नसेल तर तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडते. म्हणून अशा चाकांत हवा भरतांना कोणीही, विशेषतः मुलांनीं, समोर उभें राहूं नये. लांब नळीनें, बाजूस राहून हवा भरावी. तसेंच पिन काढून सर्व हवा सोडल्याखेरीज असें चाक कधींही उकलूं नये.

ही गोष्ट शेतकऱ्यापुरती राहील असेंही नाहीं. २०१८ सालीं आमच्या जुन्नरास शासनानें पर्यटन तालुका म्हणून घोषित केलें, आणि २०२१ सालीं राज्याचें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण निघालें. मोटारीमागें चाकांवरील घर जोडून हिंडण्याची रीत पाश्चात्य देशांत जुनी आहे. ती आपल्याकडेही येऊं पाहत आहे. असें फिरतें घर बाहेरून कितीही सुंदर असो, चाकापुरतें पाहिलें तर तें आमच्या उसाच्या ट्रॉलीचेंच भावंड आहे. तेंही परावलंबी, तेंही वर्षांतील बहुतेक दिवस उभें, आणि त्याचेंही बसूं लागलेलें चाक पुढच्या चालकास कळत नाहीं. शहरांतील कुटुंबास व खेड्यांतील मजुरास येथें नियम एकच आहे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मागें कामें काय थोडीं आहेत, त्यांत ही आणखी एक भर? मला ही तक्रार समजते. पण हिशेब करून पाहावा. पिन आणि टोपण या बाजारांतील अगदीं स्वल्प मोलाच्या वस्तु. तपासणीस लागणारा वेळ चुलीवर चहा उकळण्याइतका. उलट बाजूस एक टायर, वाटेंत वाळलेला ऊस, हुकलेली खेप, आणि त्यांपलीकडे ज्याची भरपाई कोणताही विमा करूं शकत नाहीं असा एखादा जीव.

आपल्याकडे दसऱ्यास शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. त्या दिवशीं ट्रॅक्टर-ट्रॉली धुवून पुसून तिला झेंडूची माळ घालतात, चाकास हळदकुंकू लावतात. ऊसगाळपाचा हंगाम त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो. पूर्वजांनीं ही वेळ किती अचूक निवडली आहे! चाकास कुंकू लावण्यासाठीं आपण वांकतोंच. तेव्हां आणखी एक क्षण वांकलेलेंच राहून त्या करंगळीएवढ्या नळीकडे पाहावें, तिचें टोपण काढावें, तिच्यावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडावेत. घरांत शाळेंत जाणारें मूल असेल तर हें काम त्याच्याच हातीं द्यावें. बुडबुडा शोधण्यांत त्यास आनंदही वाटेल आणि शिक्षणही होईल. सुतार-लोहारांच्या मागें रिकामी पडलेली राखणदाराची जागा भरावयाची असेल तर ती अशीच, घराघरांतून भरली पाहिजे.